अर्ज कुठवर आला?

सरकारी अर्ज नामंजूर झाला तर माणूस निदान भांडू तरी शकतो. का नामंजूर केला हे विचारता येतं, अपील करता येतं, चार लोकांना गाऱ्हाणं सांगता येतं. पण अर्ज नुसताच पडून राहिला, आणि तो कुठे पडलाय हे अर्जदाराला कळायची सोयच नसली, तर त्यानं भांडायचं कुणाशी? ज्याला अपंगत्व आहे आणि ज्याला घरही नाही, अशा माणसाचा पेन्शनचा अर्ज कसा हरवतो हे मी गेल्या वर्षभरात जवळून पाहिलंय. त्यावरून माझं एक मत झालंय. बेघर माणसाच्या अर्जाचा पाठपुरावा त्यानं स्वतःच करावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. ती जबाबदारी अर्ज घेणाऱ्याची असायला हवी, आणि ती कुणाच्या तरी नावानं कागदावर लिहिलेली असायला हवी.

मी अमरगोळची. आपल्या मंडळात हे गाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं, म्हणून सांगते. हुबळी आणि धारवाड ही जोडशहरं, अंतर साधारण वीस किलोमीटर, आणि १९६२ पासून दोन्हींची महापालिका एकच. या दोन शहरांच्या मधे, नवनगरला लागून अमरगोळ आहे. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे एवढं म्हटलं की इथल्या लोकांना धारवाड लगेच जवळचं वाटतं. अमरगोळच्या नशिबी असं काही नाही. आमच्याकडे एक चालुक्यकालीन देऊळ आहे, छोटं रेल्वे स्टेशन आहे आणि एपीएमसीचं भलंमोठं मार्केट यार्ड आहे. यार्डात कांदा, मिरची, शेंगा येतात. पोती उतरवायला हमाल येतात. त्यांतले काही कानडी, काही उर्दू, काही मराठी बोलणारे.

ज्या काकांमुळे मला हा विषय कळला तेही मराठीच. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातून तरुणपणी आले, अर्धं आयुष्य पाठीवर पोती वाहिली. साखरेच्या आजारानं पायाची जखम चिघळली आणि एक पाय गुडघ्याखाली काढावा लागला. हमाली सुटली, भाड्याची खोली सुटली. आता ते एका अडत दुकानाच्या कट्ट्यावर झोपतात. मालकाची हरकत नाही, उलट रात्री कुणीतरी जागं असलेलं त्याला बरंच. जमेल त्या दिवशी चिगरी बसनं हुबळीला जाऊन सिद्धारूढ मठात प्रसाद घेतात. ओळख पटू नये म्हणून यापेक्षा जास्त तपशील देत नाही. सुट्टीत घरी गेले असताना त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली पावती दाखवली आणि म्हणाले, "पोरी, तू शिकलेली हायस. ह्यो अर्ज कुठवर आला तेवढं बघ की."

तेवढं बघायला मला तीन आठवडे लागले.

आधी अर्ज जातो कसा ते पाहू. दिव्यांग पेन्शन म्हणजे एक अर्ज, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते दोन वेगळे प्रवास आहेत. पहिला प्रवास दाखल्याचा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. त्यानुसार अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. हे टक्के ठरवतं सरकारी रुग्णालयातलं वैद्यकीय मंडळ. १ जून २०२१ पासून हा दाखला फक्त ऑनलाइन, यूडीआयडी पोर्टलवरूनच देता येतो. अर्ज भरला की नोंदणी क्रमांक मिळतो. मग रुग्णालय तपासणीची तारीख देतं, तपासणी होते, टक्के ठरतात, कार्ड निघतं.

दुसरा प्रवास पैशांचा. तो महसूल खात्याकडे. कर्नाटकात नाडकचेरीत, म्हणजे होबळी पातळीवरच्या महसूल कचेरीत, पेन्शनचा अर्ज जातो आणि तहसीलदार मंजुरी देतात. इथे वेगळा क्रमांक मिळतो. आधार जोडलेलं बँक खातं लागतं, उत्पन्नाचा दाखला लागतो, रहिवासाचा पुरावा लागतो. सगळं जमलं तर ७५ टक्क्यांच्या आतल्या अपंगत्वाला महिना ८०० रुपये, त्यावर १४०० रुपये. केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग पेन्शन योजना आहे, पण ती दारिद्र्यरेषेखालच्या आणि ८० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांसाठीच, आणि तिचे महिना ३०० रुपये गेली कित्येक वर्षं तेवढेच आहेत.

म्हणजे एका माणसाच्या एका पेन्शनसाठी दोन खाती, दोन क्रमांक. रुग्णालयाचं काम कार्डापाशी संपतं. महसूल खात्याचं काम तिथला अर्ज आल्यावर सुरू होतं. या दोघांच्या मधल्या काळात तो माणूस कुणाच्याच यादीत नसतो. कार्ड मिळालं पण पेन्शनचा अर्जच केला नाही, अशी माणसं किती हे मोजायला कुणी बसलेलं नाही, कारण ते कुठल्याच खात्याचं काम नाही.

आता हे सगळं माग काढायला सोपं आहे असं सरकार म्हणतं, आणि ज्याच्याकडे फोन आहे त्याच्यासाठी ते बऱ्यापैकी खरंही आहे. पोर्टलवर क्रमांक टाकला की स्थिती दिसते. मेसेज येतात. कर्नाटकात तर २०११ चा सकाल कायदा आहे: ठरलेल्या मुदतीत सेवा दिली नाही तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. कागदावर दोन्ही राज्यं चांगली आहेत. पण या सगळ्या सोयी एक ठरावीक अर्जदार डोळ्यांसमोर ठेवून केल्यात. त्याचा मोबाइल नंबर बदलत नाही. त्याच्या दाराला पाटी आहे, पोस्टमनला ती सापडते. त्याला इंग्रजी किंवा कानडी वाचता येतं. आणि एका दिवसाचं काम बुडवून तो कचेरीत जाऊ शकतो.

काकांकडे यांतलं काहीच नाही. एका सेवा केंद्रात त्यांचा अर्ज भरला गेला तेव्हा मोबाइल नंबर विचारला. त्यांचा फोन पावसात भिजून कधीच बंद पडला होता. बरोबर आलेल्या चहाच्या गाडेवाल्यानं भल्या मनानं स्वतःचा नंबर दिला. दोन महिन्यांनी तो गाडेवाला गाडा विकून गावी गेला. तपासणीच्या तारखेचा मेसेज त्याच्या फोनवर गेला असणार. काका त्या दिवशी कट्ट्यावर बसून होते. रुग्णालयाच्या दृष्टीनं अर्जदार गैरहजर. पोर्टलच्या दृष्टीनं अर्ज प्रलंबित. आणि काकांच्या दृष्टीनं सगळं ठीक, कारण पावती जपून ठेवलेली. "नंबर हाय की माझ्यापाशी," ते मला ठामपणे म्हणाले, "नंबर हाय म्हंजे अर्ज हाय."

यात वाईट माणूस कुणीच नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. केंद्रातल्या मुलानं अर्ज नीट भरला होता. गाडेवाल्यानं मदतच केली. रुग्णालयानं तारीख दिली. कारकुनाला विचारलं तर तो म्हणाला, "मेसेज गेलाय, आमच्याकडून काम झालंय." खरंच झालं होतं. प्रत्येकाचं काम झालं होतं आणि अर्ज जिथल्या तिथे होता.

दुसरी अडचण पत्त्याची. काकांच्या आधारवर अजून सांगलीकडचा पत्ता आहे. तिथलं घर पडलंय, भावकी विचारत नाही. दाखल्याच्या अर्जात रहिवासाच्या पुराव्यांची जी यादी आहे ती मी शब्दन् शब्द वाचली. रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, पासबुक, विजेचं बिल, हे सगळं आहेच. पण पुढे आणखी दोन गोष्टी आहेत ज्या कुणी सांगत नाही. निराधार किंवा मनोरुग्णांच्या निवासी संस्थेत राहणाऱ्यासाठी संस्थाप्रमुखाचा दाखला चालतो. आणि पंचायत, नगरपालिका, कुठलाही राजपत्रित अधिकारी, तलाठी किंवा सरकारी शाळेचा मुख्याध्यापक यांनी दिलेला रहिवासाचा दाखलाही चालतो. म्हणजे नियम लिहिणाऱ्यानं बेघर माणसाचा विचार अगदीच केला नव्हता असं नाही. एखाद्या सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकांनी "हा इसम या भागात राहतो" असं एका ओळीत लिहून दिलं तरी चालतं. हे किती जणांना माहीत आहे? मी ज्या तीन ठिकाणी विचारलं तिथे एकालाही माहीत नव्हतं. तिन्ही ठिकाणी उत्तर एकच मिळालं: आधारचा पत्ता जिथला, तिथे जा.

तिथे जा, म्हणजे महाराष्ट्रात जा. इथे आपल्या सीमाभागाचा प्रश्न वेगळ्याच रूपात पुढे येतो. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिची रक्कम कर्नाटकपेक्षा बरीच जास्त आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती १५०० वरून २५०० करायचं ठरवलं. पण त्या योजनेला महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. काका जन्मानं महाराष्ट्रातले, पण गेली पंचवीसेक वर्षं कर्नाटकात राबलेले. कर्नाटकात त्यांच्याकडे पत्ता नाही. महाराष्ट्रात पत्ता आहे, वास्तव्य नाही. सीमेबद्दल आपण पिढ्यानपिढ्या भांडतोय, गाव कुणाचं आणि पाटी कुठल्या भाषेत. पण दोन्हीकडच्या यादीतून गळालेल्या माणसाला "हा आमचा" असं म्हणायला कुठलंच राज्य पुढे आलेलं मी पाहिलं नाही. अपंगत्वाचा दाखला देशभर चालतो. पेन्शन मात्र राज्याच्या वेशीपाशी थांबते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रानं या नियमांत बदल केले. पूर्वी वैद्यकीय मंडळानं एका महिन्यात दाखला द्यावा असं होतं, ती मुदत तीन महिने झाली. आणि एक नवी तरतूद आली: दोन वर्षांहून जास्त काळ अर्जावर निर्णय झाला नाही तर तो अर्ज निष्क्रिय ठरेल, मग अर्जदारानं पुन्हा संपर्क साधायचा किंवा नव्यानं अर्ज करायचा. जुने अर्ज साचतात, यादी साफ करावी लागते, हे मला समजतं. पण निर्णय घ्यायचा होता कुणी? मंडळानं. घेतला नाही कुणी? मंडळानं. आणि पुन्हा रांगेत उभं राहायचं कुणी? अर्जदारानं. ज्याला आपला अर्ज निष्क्रिय झालाय हे कळायचाच मार्ग नाही, त्याच्यासाठी ही तरतूद म्हणजे न सांगता दिलेला नकार आहे. अशा नकारावर अपीलही करता येत नाही, कारण नकाराचा कागदच नसतो.

मग बेघर माणसाला शोधणं सरकारला शक्यच नाही का? शक्य आहे. सरकार ते दुसऱ्या एका कामासाठी करतं. मतदार यादीत नाव घालताना बेघर माणसाकडून रहिवासाचा कागद मागितला जात नाही. तो जिथे झोपतो ती जागा अर्जात लिहायची. मग मतदान केंद्र स्तरीय अधिकारी रात्री त्या जागी जाऊन बघतो, आणि एका नाही, एकाहून जास्त रात्री जातो. माणूस तिथे झोपलेला दिसला की पत्ता सिद्ध झाला. मला ही निवडणूक आयोगाची पद्धत फार आवडते. फूटपाथ हाही पत्ता असू शकतो हे तिनं मान्य केलंय. मतासाठी रात्री शोधत जाता येतं, तर तपासणीची तारीख सांगायला दिवसाउजेडी का जाता येऊ नये?

अमेरिकेत २००५ पासून सोअर नावाचा एक कार्यक्रम चालत आलाय. बेघर आणि अपंग माणसांना तिथली अपंगत्वाची मदत मिळवून द्यायला कार्यकर्त्यांना प्रशिक्षण द्यायचं, हे त्याचं मुख्य काम. मला त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, अर्जदाराच्या सहीनं कार्यकर्ता त्याचा अधिकृत प्रतिनिधी होतो. त्यासाठी एसएसए-१६९६ नावाचा ठरलेला फॉर्म आहे. त्यामुळे कचेरीचं पत्र कार्यकर्त्यालाही येतं, आणि अर्जदार जागेवर सापडला नाही तरी निरोप वाया जात नाही. दोन, अर्ज कधी केला, निर्णय कधी आला, काय आला, याची नोंद ते कार्यकर्ते ऑनलाइन ठेवतात. त्यामुळे कुठल्या गावात किती दिवस लागतात हे दिसतं. अमेरिकेचं सगळं चांगलं असं मी म्हणत नाही. तिथेही फूटपाथवर माणसं झोपतात. पण अर्जाचं पत्र दोघांना पाठवायला अमेरिकेइतकी श्रीमंती लागत नाही. आपल्या पोर्टलवर मोबाइल नंबरचा एक रकाना आहे, तिथे दुसरा रकाना वाढवायचा: "अर्जदार न सापडल्यास कुणाला कळवावे?"

आणि तो दुसरा माणूस आपल्याकडे आहेसुद्धा. कर्नाटकात ग्रामपंचायतीत ग्राम पुनर्वसन कार्यकर्ते आहेत, तालुक्याला बहुउद्देशीय कार्यकर्ते आहेत, शहरात नागरी पुनर्वसन कार्यकर्ते आहेत. त्यांतले बहुतेक स्वतः दिव्यांग, तुटपुंज्या मानधनावर काम करणारे. अर्ज भरून देणं, योजना सांगणं हे ते करतातच. शहरातल्या बेघर अर्जदारांची एक वेगळी वही त्यांच्याकडे द्यावी आणि त्या कामाचे पैसे त्यांना वेगळे द्यावेत, एवढंच म्हणणं आहे. शिवाय रात्रनिवारे आहेत. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमाप्रमाणे दर लाख लोकसंख्येमागे किमान १०० माणसांच्या कायम निवाऱ्याची सोय हवी. २०११ च्या जनगणनेत हुबळी-धारवाडची लोकसंख्या ९ लाख ४३ हजार होती, म्हणजे त्या आकड्यानंही नऊशेच्या वर माणसांची सोय हवी. त्याच नियमांत निवाऱ्यातल्या माणसांना पेन्शन, रेशन, बँक खातं अशा हक्कांशी जोडून द्यावं असंही लिहिलंय. निवारा म्हणजे नुसतं अंथरूण नाही, तिथे माणसाचा अर्जही सांभाळला जावा, हे त्यामागचं म्हणणं आहे.

या मतावर घरी माझे बाबा आणि होस्टेलवर माझ्या मैत्रिणी, दोन्हीकडून आक्षेप आले. ते खोटे नाहीत, म्हणून इथे घेते.

पहिला आक्षेप बोगस लाभार्थ्यांचा. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दाखल्यावरून केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. लोक म्हणाले, तपासणी आणखी कडक करा. करा की. पण तपासणी कडक करणं आणि तपासणीपर्यंत माणूस पोचूच न देणं यात फरक आहे. ज्याला खोटा दाखला काढायचाय त्याच्याकडे फोन असतो, पत्ता असतो, ओळखी असतात. अर्जाची प्रत्येक पायरी कुणाच्या तरी नावानं नोंदली गेली तर त्याचंच काम अवघड होईल.

दुसरा आक्षेप, दुसऱ्याच्या हातात क्रमांक दिला तर दलाल फोफावतील. ही भीती खरी आहे. "पेन्शन काढून देतो, पहिले दोन महिने माझे" म्हणणारी माणसं यार्डाच्या आसपासही भेटतात. पण आज जे चाललंय ते तरी काय आहे? काकांचा नंबर एका परक्या माणसाच्या फोनवर होता. तो भला होता हे नशीब. म्हणूनच लेखी संमती हवी, ती केव्हाही मागे घेता यावी, आणि क्रमांक एका व्यक्तीच्या खिशात न राहता निवाऱ्याच्या किंवा पालिकेच्या नोंदवहीत राहावा.

तिसरा आक्षेप बाबांचा. ते म्हणाले, "काकांनी सरळ निवाऱ्यात जावं. कट्ट्यावर कशाला राहायचं?" मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "हितं मला लोक वळखत्यात. रातच्याला राखण करतो म्हणून मालक चार पैसं देतो. तिकडं मी कोण?" मला हे उत्तर पटलं. पेन्शन मिळवायसाठी माणसानं आपली उरलीसुरली ओळख सोडावी, अशी अट आपण घालू नये.

चौथा आक्षेप कुणी तोंडावर बोललं नाही, पण जाणवला. एवढ्या ८०० किंवा १४०० रुपयांसाठी एवढा खटाटोप? ज्या घरात महिन्याचं इंटरनेटचं बिल त्याच्या आसपास येतं तिथे हे वाटणं साहजिक आहे. काकांचा हिशेब वेगळा आहे. साखरेच्या गोळ्या, दुसऱ्या पायाला जपायला बरी चप्पल, कुबडीचं झिजलेलं रबर, हुबळीपर्यंतचं बसभाडं. दुसरा पाय वाचणार की नाही हे या यादीवर ठरणार आहे. आणि ते पैसे म्हणजे कुणाचं औदार्य नाही. कायद्याच्या २४ व्या कलमात सामाजिक सुरक्षेची जबाबदारी सरकारवर टाकलीय, त्यात दिव्यांगांची पेन्शनही आहे.

आता काकांच्या अर्जाचं काय झालं ते सांगते. एका सरकारी शाळेच्या मुख्याध्यापक बाईंनी रहिवासाचा दाखला लिहून दिला, दोन मिनिटांत. माझ्या भावाचा नंबर संपर्कासाठी लागला. तपासणीची नवी तारीख मिळाली आणि भाऊ त्यांना रिक्षातून घेऊन गेला. तपासणी झालीय. कार्ड अजून आलेलं नाही, आणि त्यानंतरचा नाडकचेरीचा प्रवास अजून सुरूच व्हायचाय. म्हणजे ही काही यशाची गोष्ट नाही. एका माणसाच्या अर्ध्या अर्जासाठी एक विद्यार्थिनी, तिचा भाऊ, एक मुख्याध्यापक बाई आणि एक रिक्षावाला लागला. यार्डात त्यांच्यासारखे आणखी तिघे मला माहीत आहेत. हुबळी स्टेशनबाहेर किती असतील? २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार बेघर माणसं मोजली गेली होती. प्रत्येकाला सुट्टीत घरी आलेली शेजारची मुलगी भेटणार नाही. म्हणून व्यवस्था हवी.

तर माझ्या मागण्या अशा. पोर्टलवर दुसऱ्या संपर्काचा रकाना हवा. बेघर अर्जदाराला तारीख मेसेजनं न कळवता माणसानं जाऊन कळवावी, आणि कळवल्याची सही घ्यावी. तो गैरहजर राहिला तर अर्ज बाजूला टाकण्याआधी त्याला एकदा तरी शोधावं. कार्ड निघालं की त्याच दिवशी पेन्शनचा अर्ज आपोआप महसूल खात्याकडे जावा. दोन वर्षांनी अर्ज निष्क्रिय करायचाच असेल तर आधी मंडळानं उशिराचं कारण लेखी द्यावं. आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येक रुग्णालयानं व तहसीलदारांनी किती अर्ज आले, किती निघाले, किती पडून आहेत हे फलकावर लावावं. यांतली एकही मागणी फार खर्चाची नाही.

आणि आपण? वाङ्मय मंडळाचा याच्याशी काय संबंध, असं कुणी म्हणेल. आपल्याला लिहिता येतं, हा संबंध. माहिती अधिकारात किती अर्ज प्रलंबित आहेत हे दहा रुपयांत विचारता येतं. कर्नाटकात तर त्या अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आहे. लघुकथा स्पर्धेत शब्दमर्यादा पाळता येत नाही म्हणणाऱ्यांनी हा प्रकार जरूर हाताळावा. कुणाचा रहिवासाचा दाखला मराठीत लिहून द्यायचा असतो, कुणाची पावती वाचून दाखवायची असते. आपल्या कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवरही माणसं पुलाखाली झोपतात. त्यांच्या पिशवीतही पावत्या असतील.

पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. एक साधी वही करायची. रकाने सहा: नाव किंवा खूण, अर्जाची तारीख, क्रमांक, सध्या अर्ज कुठे आहे, पुढची तारीख, आणि माणूस रात्री कुठे सापडतो. ज्याचं नाव लिहायचं त्याची संमती आधी घ्यायची. दर शनिवारी दोघांनी बसून सगळे क्रमांक तपासायचे आणि रविवारी जाऊन सांगायचं, काही हललं नसेल तरी सांगायचं. वही मी आणते. शनिवारसाठी दोन नावं हवीत.